आठव्या मैलावरून कॅम्पसला

नागपूरजवळच्या वाडीत माणूस कामावरून ओळखला जातो. हा डिफेन्सचा, तो ट्रान्सपोर्टमधला, ती हिंगण्याच्या एमआयडीसीत जाते, त्याचे बाबा गोदामावर हमाली करतात. अमरावती रोडच्या दोन्ही अंगांना ट्रकांच्या रांगा, ट्रान्सपोर्टची ऑफिसं, पत्र्याची गोदामं. आतल्या बाजूला अंबाझरीची ऑर्डनन्स फॅक्टरी. पिनाक रॉकेटचं काम तिथे होतं. ऑक्टोबर २०२१ मध्ये ती ‘यंत्र इंडिया लिमिटेड’कडे गेली, तरी वाडीकरांसाठी ती डिफेन्सच राहिली. अशा वस्तीत २७ वर्षांच्या मुलीला शेजारच्या काकू विचारतात, “काय करून राह्यली आजकाल?”

“पीएचडी.”

काकू जरा थांबतात. “म्हंजे अजून शिकूनच राह्यली का?”

या प्रश्नात कुचेष्टा नसते, काळजी असते. पोरीचं वय, घरचा खर्च, धाकट्या भावाची फी, सगळं त्या एका वाक्यात येतं. पण शिकणं वेगळं आणि काम वेगळं, ही समजूतही त्यात असते. काकूंना मी दोष देणार नाही. हीच समजूत मंत्रालयात जाऊन बसते तेव्हा तिची किंमत कोण मोजतं, ते पाहण्यासाठी हा लेख लिहायला घेतला.

वाडीकडच्या आठव्या मैलावरून नागपूर विद्यापीठाचा कॅम्पस फार तर सात-आठ किलोमीटर. शेअर ऑटो किंवा ‘आपली बस’ धरली की वाडी नाका मागे पडतो आणि रस्ता सरळ शहरात शिरतो. महात्मा जोतिबा फुले शैक्षणिक परिसर हे कॅम्पसचं पूर्ण नाव. पदव्युत्तर विभाग इथे आहेत. मराठी, इतिहास, अर्थशास्त्र, रसायनशास्त्र असं एकेक डिपार्टमेंट झाडांच्या आड उभं आहे. वाडीतल्या कितीतरी घरांतून इथे पोचलेलं मूल हे घरातलं पहिलंच एमए किंवा एमएस्सी असतं.

हे विद्यापीठ कुणा राजाच्या मर्जीनं आलेलं नाही. त्याआधी नागपूरची मुलं परीक्षेपुरती परप्रांताची असत. १८८३ चं हिस्लॉप कॉलेज आधी कलकत्ता विद्यापीठाला जोडलेलं होतं, मग अलाहाबादला. १८८५ चं मॉरिस कॉलेज त्यानंतरचं. ४ ऑगस्ट १९२३ ला नागपूर विद्यापीठ स्थापन झालं तेव्हा सहा महाविद्यालयं आणि ९२७ विद्यार्थी होते. सर बिपिन कृष्ण बोस पहिले कुलगुरू. पैसा कुठून आला, याचं एक उत्तर याच अमरावती रोडवर उभं आहे. मँगनीजच्या खाणींत संपत्ती मिळवलेल्या कामठीच्या डी. लक्ष्मीनारायण यांनी सुमारे ३५ लाखांची संपत्ती मृत्युपत्रानं विद्यापीठाला दिली, उपयोजित विज्ञानाच्या शिक्षणासाठी. १९३० च्या आसपासचे ३५ लाख! त्यातून १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली. २०२३ पासून ती स्वतःच विद्यापीठ झाली आहे. खाणीतल्या मजुरांनी उपसलेलं मँगनीज असं प्रयोगशाळेत पोचलं, हे वाडीसारख्या श्रमाच्या वस्तीनं विसरू नये.

विद्यापीठाच्या इतिहासातली माझ्या सर्वांत जवळची गोष्ट १९३८ ची आहे. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात ‘वंदे मातरम्’ म्हटलं म्हणून शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकलं गेलं. निजामाचा रोष पत्करून त्यांना प्रवेश कोण देणार? कुलगुरू टी. जे. केदार यांच्या नागपूर विद्यापीठानं दिला. पी. व्ही. नरसिंह राव हे त्या आंदोलनातले विद्यार्थी. त्यांनी कायद्याची पदवी इथूनच घेतली. ज्याला दुसरीकडे दार बंद, त्याच्यासाठी दार उघडायचं, हे सार्वजनिक विद्यापीठाचं काम एकदा नागपूरनं इतक्या ठळकपणे केलेलं आहे.

दुसरं नाव डॉ. वि. भि. कोलते यांचं. मलकापूरजवळच्या नरवेलच्या शेतकरी घरातला हा मुलगा महानुभाव वाङ्मयाचा थोर संशोधक झाला आणि १९६६ ते १९७२ या काळात याच विद्यापीठाचा कुलगुरू. पोथ्या, सांकेतिक लिप्या, ताम्रपट यांत त्यांनी आयुष्य घातलं. विदर्भाच्या मातीतलं ज्ञान विदर्भातल्याच माणसानं शोधून काढायला किती वर्षं लागतात, ते त्यांच्या ग्रंथांच्या रांगेवरून कळतं. अशा कामाला सहा वर्षांची मुदत बांधता आली असती का, असा विचार मनात येतोच.

कारण आज ती मुदत आहे. नोव्हेंबर २०२२ च्या यूजीसी नियमांनुसार पीएचडीला किमान तीन आणि कमाल सहा वर्षं. स्त्रियांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना दोन वर्षांची सवलत, शिवाय २४० दिवसांची प्रसूती किंवा बालसंगोपन रजा. नियम कागदावर माणुसकीचे आहेत. अडचण सुरू होते ती गाइड शोधताना.

इथे थोडा हिशेब मांडावा लागेल. याच नियमांनुसार प्राध्यापक एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापक सहा आणि सहायक प्राध्यापक चार संशोधकांना मार्गदर्शन करू शकतो. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरली असतील तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. आणि मार्गदर्शक कायम नोकरीतलाच लागतो. तासिका तत्त्वावर शिकवणारा, ज्याला सगळे सीएचबी म्हणतात, तो कितीही विद्वान असला तरी गाइड होऊ शकत नाही. म्हणजे प्राध्यापकाची एक जागा रिकामी राहिली की संशोधनाच्या आठ जागा मिटतात. वर्गातले तास सीएचबीवर भागवता येतात, त्यामुळे बाहेरच्या माणसाला विभाग चालू दिसतो. संशोधनाचं मात्र तसं भागवता येत नाही. महाराष्ट्रातल्या सार्वजनिक विद्यापीठांत प्राध्यापक भरती वर्षानुवर्षं रखडत आली आहे. तिचा हिशेब शासन पगारात वाचलेल्या रकमेनं करतं. पीएचडीची प्रवेश परीक्षा, म्हणजे ‘पेट’, उत्तीर्ण होऊनही गाइड नाही म्हणून थांबलेल्या मुलांचा आकडा त्या हिशेबात कुठेच नसतो.

आणि जी मुलं पीएचडी पूर्ण करतात ती कुठे जातात? बरीचशी सीएचबीवर. शिकवतील, पेपर तपासतील, पण पुढच्या पिढीचे गाइड होणार नाहीत. त्यात नियमही फिरते. विद्यापीठ विभागात सहायक प्राध्यापक व्हायला पीएचडी सक्तीची, असं २०१८ मध्ये ठरलं. अंमल २०२१ पासून होणार होता, तो २०२३ वर गेला, आणि जुलै २०२३ मध्ये सक्तीच उठली. नेट किंवा सेट पुरे झालं. दर्जाच्या दृष्टीनं कुठला नियम बरा, यावर वाद होऊ शकतो. पण पहिल्या नियमावर विसंबून ज्यांनी विशीतली पाच-सहा वर्षं मोजली, त्यांना विचारायला कुणी आलं नाही.

पदव्युत्तर वर्गांची गोष्ट निराळी आहे, आणि ती मी घाईनंच सांगतो. नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२३-२४ पासून एमएची रचना बदलली. वर्षाला ४४ क्रेडिट, पहिल्या वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडायची मुभा, दुसऱ्या वर्षात संशोधन प्रकल्प. कॅम्पसवर मात्र सगळ्यांना ठाऊक असतं की वर्गातली बरीच मुलं एमएसोबत एमपीएससीची तयारी करताहेत. ओळखपत्र, वाचनालय, वसतिगृहाची खोली आणि घरी सांगायला एक उत्तर, एवढं एमए त्यांना देतं. मला यात काही गैर वाटत नाही. घरात दोन खोल्या आणि पाच माणसं असतील तर शांत टेबल ही मोठी गोष्ट आहे, आणि ती पुरवणं हेही विद्यापीठाचं काम आहे.

आता पैसा. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी शासनाची डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. नागपूरसारख्या मोठ्या शहरात वर्षाला ६० हजार, त्यांतले ३२ हजार जेवणासाठी. म्हणजे दिवसाला ८७-८८ रुपये. यूजीसीची कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती १ जानेवारी २०२३ पासून महिन्याला ३७ हजार, पुढे वरिष्ठ झाल्यावर ४२ हजार. ती मोजक्यांनाच मिळते. बाकीच्यांचा आधार राज्याच्या संस्था: अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती. महाज्योतीचं मुख्यालय तर नागपुरातच आहे.

२०२३ च्या अखेरीस या संस्थांच्या अधिछात्रवृत्तीची संख्या प्रत्येकी २०० वर आणली गेली. त्याच डिसेंबरात नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात, विधान परिषदेत सारथीच्या कपातीचा प्रश्न निघाला, तेव्हा तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी पीएचडी करून ही मुलं काय दिवे लावणार, अशा अर्थाचं विधान केलं. राज्यभर संताप उसळला. बारा दिवसांनी, २४ डिसेंबरला, अधिछात्रवृत्तीची चाळणी परीक्षा झाली आणि तिच्यात २०१९ च्या सेट परीक्षेची प्रश्नपत्रिकाच आल्याचं उघड झालं. परीक्षा १० जानेवारी २०२४ ला पुन्हा घ्यावी लागली; त्या दिवशीही अनेक केंद्रांवर मुलांनी बहिष्कार घातला. अधिवेशनाच्या काळात नागपुरात मोर्चे अडवले जातात ते मॉरिस कॉलेज टी-पॉइंटवर. विदर्भाच्या उच्च शिक्षणाची सुरुवात ज्या कॉलेजांतून झाली, त्यांतल्याच एकाच्या नावाचा तो चौक आहे.

जगात सगळीकडे असंच असतं असं म्हणून हात झटकता येणार नाहीत. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात, तेही सार्वजनिकच, सुमारे ४८ हजार जणांनी संप केला. त्यांत मोठी संख्या वर्ग घेणाऱ्या आणि प्रयोगशाळेत राबणाऱ्या संशोधक विद्यार्थ्यांची होती. महिन्याभराहून अधिक काळ संप चालला आणि वेतनवाढ मिळूनच मिटला. त्यांना संप करता आला, कारण कायद्यानं ते कामगार होते. आपला संशोधक उपोषणाला बसतो. संपावर जायला आधी कामावर असल्याची नोंद तर हवी.

नोंदीवरून आठवलं. वाडीतलीच एक मुलगी गोदामातल्या हमालांवर शोधप्रबंध लिहिते आहे. नाव छापू नका म्हणाली. तिचे बाबा आयुष्यभर पाठीवर पोती वाहत आले. १९६९ च्या माथाडी कायद्याआधी हमालाला मालक कोण, हेच सांगता येत नसे. आज या ट्रकवर, उद्या त्या दुकानात. कायद्यानं मंडळं नेमली, हमालांची नोंदणी केली, मालकानं मजुरी आणि लेव्ही मंडळात भरायची आणि मंडळानं ती कामगाराला द्यायची, भविष्य निर्वाह निधीसकट. अनेक मालकांच्या दारात राबणाऱ्या माणसाला कामगार म्हणून उभं करणारा हा महाराष्ट्राचा कायदा. तिनं तो तोंडपाठ केला आहे. “बाबांकडे नोंदणीचं कार्ड आहे,” ती म्हणाली, “माझ्याकडे पीएचडीच्या नोंदणीचं पत्र. दोन्ही एकाच पिशवीत ठेवतो आम्ही.”

तिची लिहिण्याची वेळ रात्री दहानंतरची. भाऊ झोपलेला, टीव्ही बंद, बाहेर ट्रक मागे घेतल्याचा आवाज. मी गेलो त्या दिवशी ती बाबांचीच मुलाखत घेत होती. वही मांडीवर, फोन रेकॉर्डिंगला लावलेला. इतकी वर्षं एका घरात राहून हे प्रश्न तिनं कधी विचारले नव्हते, आणि त्यांना कुणीच नाही.

“एक ट्रक खाली करायला किती वेळ लागते, बाबा?”

ते खाटेवरून उठून नीट बसले.

“कोणचा माल हाय ते सांग आधी,” ते म्हणाले. “सिमेंटचं वेगळं, साखरेचं वेगळं. लिहून घे.”