वंशावळींतील कन्या आणि आनुवंशिक गुण

पोथ्यांची परंपरा ठरवितांना संशोधक लेखनिकांच्या प्रमादांचा मागोवा घेतात. दोन प्रतींत एकच विलक्षण अपपाठ आढळला, तर त्या एकाच मूळ प्रतीवरून उतरल्या असाव्यात, असें अनुमान निघतें. प्राणिमात्राच्या देहांतहि असेंच एक लेखन आहे व त्यांतील अपपाठहि पिढ्यानुपिढ्या उतरतात. त्याचें एक इतिहासप्रसिद्ध उदाहरण वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हें लेखन पेशींतील गुणसूत्रांवर असतें. त्यांतील एकेका खंडास जनुक म्हणतात. स्त्रीस एक्स नांवाचीं दोन गुणसूत्रें असतात. पुरुषास एक एक्स व एक वाय. पुत्रास एक्स मातेकडून व वाय पित्याकडून येतें; कन्येस उभयतांकडून एकेक एक्स मिळतें. एक्सवरील जनुक सदोष असलें, तर स्त्रीच्या ठायीं दुसरी निर्दोष प्रत बहुधा उणीव भरून काढते. पुरुषाजवळ दुसरी प्रतच नसल्यामुळें दोष प्रकट होतो. दोषवाहक मातेच्या प्रत्येक पुत्रास व्याधि होण्याचा, व प्रत्येक कन्येनें दोष वाहण्याचा, संभव निम्मा असतो. व्याधिग्रस्त पित्याकडून तो पुत्रास येत नाहीं. कन्यांस मात्र सर्वांस येतो.

रक्त नीट न गोठण्याची हीमोफिलिया ही व्याधि याच प्रकारची होय. इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया (१८१९–१९०१) हिच्या नऊ अपत्यांपैकीं लिओपोल्ड व्याधिग्रस्त होता. ॲलिस व बीट्रिस या कन्या दोषवाहक होत्या. लिओपोल्डचा पुत्र व्याधिमुक्त राहिला, परंतु कन्येचा पुत्र रूपर्ट व्याधिग्रस्त निघाला. ॲलिसची कन्या ॲलिक्स १८९४ सालीं रशियाचा झार दुसरा निकोलस यास दिली. त्यांचा पुत्र ॲलेक्सी (जन्म १९०४) यास तीच व्याधि जडली. १९१८ सालीं या कुटुंबाचा वध झाला. येकातेरिनबुर्गजवळ १९९१ सालीं उकरून काढलेल्या व २००७ सालीं सांपडलेल्या अस्थींची परीक्षा झाली. रक्त गोठविणाऱ्या नवव्या घटकाच्या जनुकांत एकच अक्षर पालटलें होतें, असें २००९ सालीं सिद्ध झालें. मातेच्या अस्थींत शुद्ध व अशुद्ध असे दोन्ही पाठ मिळाले. पुत्राच्या अस्थींत केवळ अशुद्ध.

व्हिक्टोरियेपासून ॲलेक्सीपर्यंतचे मधले दोन्ही दुवे स्त्रियांचे आहेत, हें येथें ध्यानांत घ्यावें. केवळ पुरुषांचीं नांवें मांडिलीं असतीं, तर हीं दोन घराणीं परस्परांस परकींच दिसलीं असतीं. आपल्याकडील अनेक जुन्या वंशावळी नेमक्या अशाच आहेत. त्या वाय गुणसूत्राचा मार्ग तेवढा दाखवितात. उरलेला वारसा, जो फार मोठा, त्यांतून गळतो.

तेव्हां वंशावळ उतरून घेणाऱ्या संग्राहकांस आमची विनंती अशी कीं, कन्यांचीं नांवें, सुनांचीं माहेरें, व अल्पवयांत निवर्तलेल्या अपत्यांच्या नोंदी जशाच्या तशा राखाव्या. नोंद नसेल तेथें घरांतील वृद्ध स्त्रियांस विचारून ती करून घ्यावी. जें ज्ञान केवळ त्यांच्या स्मरणांत आहे, त्याची दुसरी प्रत कोठेंहि नाहीं.