निंबोळ्या वाया घालवू नका

मैत्रिणींनो, पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कपाशीवर औषध फवारताना विषबाधा झाली आणि २०च्या आसपास शेतकरी-मजूर दगावले. तेव्हापासून किनवटला आमच्या घरी फवारणीचा पंप बाहेर निघाला की माझा जीव टांगणीला लागतो. म्हणून सोयाबीनवर पहिली फवारणी निंबोळी अर्काचीच, असं मी ठरवूनच टाकलंय. परभणीचं कृषी विद्यापीठही ५ टक्के अर्काची शिफारस करतं.

पावसाच्या तोंडावर पडलेल्या निंबोळ्या वेचून, गर धुऊन सावलीत वाळवायच्या. ५ किलो बिया कुटून १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवायच्या. (कुटताना वास डोक्यात जातो, पण सवय होते.) दुसऱ्या दिवशी फडक्यातून गाळायचं, २०० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून घालायचा आणि एकूण १०० लिटर करायचं. उन्हात अर्काचा गुण जातो, म्हणून त्याच दिवशी उन्हं उतरल्यावर फवारायचं.

अळी लगेच मरत नाही हं! ती पानं खाणं सोडते, तिची वाढ खुंटते. म्हणून अंडी, बारीक अळ्या दिसताच फवारा. मोठी झालेली उंटअळी किंवा खोडात शिरलेली चक्रीभुंग्याची अळी याला दाद देत नाही. तेव्हा कृषी कार्यालयात विचारा. आणि औषध घरचं असलं तरी तोंडाला रुमाल बांधायचाच.