विश्लेषण : गच्चीवरची शेड वाऱ्याने का उडते? उन्हा-पावसासाठी छप्पर निवडताना काय पाहावे?

एप्रिल-मे महिन्यांत उन्हाचा कडाका वाढला की गच्चीवर, अंगणात किंवा टेरेस फ्लॅटसमोर शेड घालण्याची लगबग सुरू होते. पत्रा की पॉलिकार्बोनेट, रंग कोणता, चौरस फुटाला दर किती, एवढीच चर्चा बहुतेक वेळा फॅब्रिकेटरशी होते. मात्र छप्पर कशाचे आहे यापेक्षा ते कशाने धरून ठेवले आहे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. कारण वळवाच्या वादळात सुटलेला पत्रा फक्त मालकाचे नुकसान करत नाही. तो रस्त्यावरून जाणाऱ्याच्या अंगावर पडू शकतो.

वारा छप्पर दाबतो की उचलतो?

अनेकांचा समज असतो की छप्पर मजबूत हवे ते पावसाचा भार पेलण्यासाठी. प्रत्यक्षात हलक्या शेडचा मोठा शत्रू वारा असतो आणि तो तिला वर उचलतो. छपरावरून वेगाने जाणारा वारा वरच्या बाजूला ओढ निर्माण करतो. त्याच वेळी उघड्या बाजूंनी आत शिरलेला वारा खालून ढकलतो. दोन्ही बळे एकाच दिशेने काम करतात. कडा आणि कोपऱ्यांवर ही ओढ सर्वाधिक असते, म्हणून पत्रा सहसा कोपऱ्यातून सुटायला लागतो.

तीन बाजू बंद आणि एक उघडी असलेली शेड सर्वांत धोकादायक. पावसाची झड येऊ नये म्हणून बाजूंनीही पत्रे ठोकले जातात, पण आत शिरलेल्या वाऱ्याला बाहेर पडायला वाट उरत नाही.

हे बळ किती असते?

वाऱ्याच्या भाराविषयीचे भारतीय मानक ‘आयएस ८७५, भाग ३’ संरचनेच्या आराखड्यासाठी पुण्याकरिता सेकंदाला ३९ मीटर, तर मुंबई व नागपूरकरिता ४४ मीटर हा मूलभूत वेग धरते. म्हणजे अनुक्रमे ताशी सुमारे १४० आणि १५८ किमी. इतका वारा रोज सुटत नाही; पण इमारतीच्या आयुष्यात तो येऊ शकतो, असे गृहीत धरले जाते.

सेकंदाला ३९ मीटर वेगाला दर चौरस मीटरवर सुमारे ९३ किलो वजनाइतका दाब तयार होतो. अर्धा मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे वजन मात्र चौरस मीटरला जेमतेम ४ ते ५ किलो. २०० चौरस फुटांच्या शेडचा हिशेब केला तर उचलणारे बळ ढोबळमानाने १,७०० किलोंच्या घरात जाते. उंची, उतार आणि आजूबाजूच्या इमारतींनुसार हा आकडा कमी-जास्त होतो. ताशी ७० किमीच्या वाऱ्यातही तो दाब पत्र्याच्या वजनाच्या सुमारे पाचपट असतो. वारा दुप्पट झाला की दाब चौपट होतो, हे लक्षात ठेवावे.

म्हणूनच पत्र्यावर विटा, दगड किंवा जुने टायर ठेवण्याचा उपाय फसवा आहे. वादळात पत्रा तर जातोच, शिवाय वरची वीटही खाली येते.

कोणत्या भागात कोणते छप्पर?

कोकण किनारा : ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर धडकले, तेव्हा रायगड आणि रत्नागिरीत असंख्य घरांची कौले आणि पत्रे उडाले. येथे वाऱ्याच्या जोडीला खारी हवा आहे. साध्या जस्तलेपित पत्र्यापेक्षा ॲल्युमिनियम-जस्ताचा लेप असलेला, वर रंगाचा थर दिलेला पत्रा गंजाला अधिक काळ तोंड देतो. पण चांगल्या पत्र्याला स्वस्त स्क्रू लावले तर गंज स्क्रूपासूनच सुरू होतो. सांगाड्याच्या वेल्डिंगवरही गंजरोधक रंग हवाच.

विदर्भ, मराठवाडा, खानदेश : येथे ऊन मुख्य आणि अधूनमधून गारपीट. गडद रंगाचा पत्रा तापून खाली उष्णता फेकतो. पांढरा किंवा फिकट रंग, छपराची पुरेशी उंची आणि तापलेली हवा निघून जायला वाट, या तीन गोष्टींनी बराच फरक पडतो. बजेट असेल तर दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेले पॅनल घेता येते. गारांनी पत्र्याला पोचे पडतात. पण सिमेंटचे किंवा उन्हाने ठिसूळ झालेले प्लास्टिकचे पत्रे फुटतात. फक्त उन्हापुरती सावली हवी असेल तर शेडनेट पुरते. त्यातून वारा काही प्रमाणात आरपार जातो. तरीही पावसाळ्याआधी ते उतरवणेच योग्य.

पुणे, मुंबई, नाशिकची बाल्कनी आणि टेरेस : उजेड हवा असल्याने पॉलिकार्बोनेटला पसंती मिळते. त्याची अतिनील किरणांपासून संरक्षण देणारी बाजू वरच आली पाहिजे. उलटे बसवले तर ते लवकर पिवळे पडून तडकते. हे साहित्य उन्हात पसरते. तीन मीटर लांबीच्या पत्र्यात ४० अंशांच्या फरकाने सुमारे ८ मिलिमीटर वाढ होते. त्यामुळे छिद्रे स्क्रूपेक्षा थोडी मोठी ठेवावी लागतात. गुंडाळता येणारी कापडी छत्रीही सोयीची असते, पण वारा सुटण्याआधी ती गुंडाळणारे कुणी घरात असेल तरच.

ॲस्बेस्टॉसचे पत्रे वापरावेत का?

नवीन कामासाठी ते टाळलेलेच बरे. ॲस्बेस्टॉसचे सर्व प्रकार कर्करोगाला कारणीभूत ठरतात, असे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे. धोका मुख्यतः श्वासावाटे जाणाऱ्या सूक्ष्म तंतूंचा असतो. घरावर जुने पत्रे असतील तर ते कोरडे कापू, घासू किंवा फोडू नयेत.

फॅब्रिकेटरला काय विचारावे?

पहिला प्रश्न खांबांचा. खांब गच्चीच्या विटांच्या कठड्यावर टेकवलेले आहेत की काँक्रीटमध्ये अँकर बोल्टने बसवलेले? कठडा हे बळ पेलण्यासाठी बांधलेला नसतो. स्लॅबला छिद्र पाडले की गळतीचा धोका असतो, म्हणून बोल्टभोवती वॉटरप्रूफिंग कोण करून देणार, हेही आधीच ठरवावे. इमारत जुनी असेल तर संरचना अभियंत्याचा सल्ला घ्यावा.

दुसरा प्रश्न स्क्रूंचा. प्रत्येक स्क्रूला रबरी वायसर हवा आणि कडेच्या भागात स्क्रू अधिक जवळ हवेत. तिसरा, पत्र्याची जाडी रंग धरून सांगितली आहे की रंग वगळून? चौथा, पाण्याचा. २०० चौरस फुटांवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे १,८५० लिटर पाणी जमते. दर मीटरला किमान १० सेंटीमीटर उतार, पन्हळ आणि पाणी खाली नेणारा पाइप नसेल तर ते शेजाऱ्याच्या भिंतीवर पडते. या सगळ्याचा उल्लेख कोटेशनमध्ये लेखी असावा.

परवानगी लागते का?

गृहनिर्माण संस्थेची गच्ची ही सहसा सर्वांची सामायिक जागा असते. त्यामुळे संस्थेची मान्यता आणि स्थानिक पालिकेची परवानगी, दोन्ही पाहावे लागते. मुंबईत पावसाळ्यापुरत्या तात्पुरत्या शेडलाही महापालिकेची परवानगी लागते. परवानगी नसलेली शेड पाडली जाऊ शकते, आणि ती उडून कुणाला इजा झाली तर जबाबदारीचा प्रश्न अधिक गंभीर होतो.

कायमची शेड आवश्यकच आहे का?

कोकणात अंगणातला मांडव हा हंगामी असतो. उन्हासाठी झावळ्यांनी शाकारायचा आणि मृगाआधी उतरवायचा, ही रीत. पावसाची झड अडवायची ती पडवीच्या बाजूने. ऊन आणि वादळ या दोन्हींसाठी एकच छप्पर वापरण्याचा हट्ट त्यात नाही. चार महिन्यांची सावली हवी असेल, तर काढता येणारे छप्पर आजही स्वस्त आणि सुरक्षित पडते.

पावसाळ्यापूर्वी काय तपासावे?

मे महिन्यात स्क्रू, वायसर, वेल्डिंग आणि खांबांचे पाय पाहून घ्यावेत. वाऱ्यात फडफडणारा पत्रा हा सर्वांत स्पष्ट इशारा आहे. दुरुस्तीसाठी पत्र्यावर थेट पाय न देता आडव्या फळीचा आधार घ्यावा. आणि वादळ आले की शेडखाली थांबू नये. ९ एप्रिल २०२३ रोजी अकोला जिल्ह्यातील पारस येथे वादळात कडुनिंबाचे झाड मंदिराच्या पत्र्याच्या शेडवर कोसळले आणि आडोशाला थांबलेल्या सात जणांचा मृत्यू झाला. शेड ऊन-पावसासाठी आहे. वादळात पक्क्या छपराखाली जाणे हाच उपाय.