रुग्णसेवेत मनाची तपासणी

रुग्णालयात दाखल झालेल्या व्यक्तीचा ताप, नाडी व रक्तदाब परिचारिका ठरावीक वेळी नोंदवितात. मनाच्या प्रकृतीची नोंद मात्र बहुधा राहून जाते. बंगळुरूच्या निमहान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत सुमारे १०.६ टक्के प्रौढांना मानसिक विकार असल्याचे आढळले. त्यांपैकी बहुसंख्यांना उपचार मिळत नव्हते. चंद्रपूर व गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात अशा रुग्णाची पहिली गाठ पडते ती गावातील आशाताईंशी किंवा आरोग्य केंद्रातील परिचारिकेशी. म्हणूनच त्यांची दृष्टी महत्त्वाची आहे.

मनाच्या तपासणीस यंत्र लागत नाही. शांत जागा व वेळ लागतो. रुग्णाची स्वच्छता, हालचाल, बोलण्याची गती, चेहऱ्यावरील भाव, विचारांची सुसंगती, होणारे भास, स्थळ-काळ-व्यक्तींचे भान, स्मरणशक्ती आणि स्वतःच्या आजाराची जाण यांची क्रमाने नोंद करावयाची असते. माडिया किंवा गोंडी बोलणारा रुग्ण अनोळखी माणसासमोर गप्प बसला, तर त्याला लगेच उदासीन ठरवू नये. त्याची भाषा जाणणारी व्यक्ती सोबत घ्यावी. शक्यतो ती घरची नसावी, कारण नातेवाइकांसमोर मनातले सांगणे अनेकांना जड जाते.

नैराश्याच्या प्राथमिक चाचणीत दोनच प्रश्न आहेत. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटेनासा झाला का? मन उदास, निराश राहिले का? प्रत्येक उत्तरास ० ते ३ गुण असतात. बेरीज ३ वा अधिक झाल्यास नऊ प्रश्नांची सविस्तर चाचणी करतात. तिचा शेवटचा प्रश्न जीव देण्याच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. असे विचारल्याने तो विचार मनात रुजतो, हा समज चुकीचा आहे. उलट रुग्णाचा भार हलका होतो.

मात्र अचानक आलेला गोंधळ किंवा बडबड यामागे अनेकदा शरीराचा आजार असतो. गडचिरोलीत हिवतापाचा जुना प्रादुर्भाव आहे. ताप येऊन माणूस असंबद्ध बोलू लागला, तर मेंदूच्या हिवतापाची शंका घेऊन तातडीने रक्त तपासावे. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरातील बंदी २०१५ ते २०२१ पर्यंत होती. तरीही व्यसन दोन्हीकडे आहे. दुसऱ्याच कारणासाठी दाखल झालेल्या मद्यपी रुग्णास दोन-तीन दिवसांनी कंप, घाम व भ्रम सुरू झाल्यास ती दारू तुटल्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी मांत्रिकाकडे नेण्यात गेलेला वेळ प्राणावर बेततो.

मोहफुले वा तेंदूपाने गोळा करताना वाघाच्या हल्ल्यात आप्त गमावलेल्या घरांतही हीच काळजी हवी. आरंभीची भीती व निद्रानाश स्वाभाविक आहेत. महिना उलटूनही तेच दृश्य डोळ्यांसमोर येत राहिले, पाऊल घराबाहेर पडेनासे झाले, तर उपचार आवश्यक ठरतात.

जिल्हा रुग्णालयात आणि नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात मानसोपचार उपलब्ध आहेत. २०२२ पासून ‘टेली मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र मोफत सल्ला मिळतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे मानले जाते. तिला शिक्षेच्या भयाची नव्हे, उपचाराची गरज आहे. ख्रिस्तसभेची १९९२ ची धर्मशिकवणही सांगते की गंभीर मानसिक व्याधीने माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते.

म्हणून बंधू-भगिनींनो, घरातील असा आजार लाजेपोटी झाकू नका. प्रार्थना चालू ठेवा, गोळ्याही वेळेवर द्या, आणि आपल्या आरोग्य केंद्रातील परिचारिकेला जे दिसते ते मोकळेपणाने सांगा.