दट्ट्याची उंची आणि द्वारांचे वेळापत्रक

मोटारसायकलच्या टू-स्ट्रोक एंजिनाची ताकद वाढवावयाची म्हणजे सिलिंडरमधील पोर्ट कानशीने मोठे करावयाचे, असा समज गॅरेजांतून पुष्कळ वर्षे रूढ आहे. या समजात अर्धे सत्य आहे. पण उरलेले अर्धे न जाणल्यामुळे आजवर अनेक सुस्थितीतील सिलिंडर निकामी झाले आहेत. यामाहा आरएक्स १०० या गाडीचे उत्पादन भारतात १९८५ साली सुरू झाले आणि १९९६ साली थांबले. अशा जुन्या गाड्यांवर हौशी मंडळी आजही प्रयोग करतात. म्हणून हा विषय मुळापासून समजून घेणे अगत्याचे आहे.

फोर-स्ट्रोक एंजिनात वायूंची ये-जा झडपा सांभाळतात. साध्या टू-स्ट्रोक एंजिनात हे द्वारपालाचे काम दट्ट्या, म्हणजेच पिस्टन, स्वतः करतो. इंग्लंडमधील बाथ या गावी जोसेफ डे याने १८९१ साली क्रँकच्या पेटीतच मिश्रण दाबणारे एंजिन योजले. पुढे फ्रेडरिक कॉक या त्याच्या सहकाऱ्याने पिस्टनच्या खालच्या काठालाच प्रवेशद्वाराची झडप बनविले. तेव्हापासून पिस्टनचे दोन काठ म्हणजे या एंजिनाचे दोन घड्याळकाटेच झाले आहेत. माथ्याचा काठ दोन द्वारे उघडतो : जळलेला वायू बाहेर सोडणारे निष्कासद्वार आणि ताजे मिश्रण सिलिंडरात आणणारे संक्रमणद्वार. खालचा काठ, ज्याला कारागीर स्कर्ट म्हणतात, तो क्रँकच्या पेटीत मिश्रण घेणारे प्रवेशद्वार उघडतो. साहजिकच पिस्टनची उंचीही दोन प्रकारे मोजावी लागते : पिनेच्या मध्यापासून माथ्यापर्यंत आणि पिनेच्या मध्यापासून स्कर्टच्या टोकापर्यंत.

आता एक उदाहरण घेऊ. एंजिनाचा बोअर ५० मिलिमीटर, धावही ५० मिलिमीटर आणि कनेक्टिंग रॉडची लांबी १०० मिलिमीटर आहे असे मानावे. बोअर व धाव यांचे हेच माप आरएक्स १०० मध्येही आहे. पिस्टन सर्वांत वर असताना क्रँकचा कोन शून्य धरला, तर ९५ अंशांवर निष्कासद्वार आणि ११८ अंशांवर संक्रमणद्वार उघडते असे समजू. म्हणजे एका फेऱ्यात पहिले १७० अंश आणि दुसरे १२४ अंश उघडे राहते. या सिलिंडरखाली एक मिलिमीटर जाडीची पॅकिंग घातली, की सर्व द्वारे तितकीच वर सरकतात. मग निष्कासद्वाराचा काळ सुमारे १७५ अंश, तर संक्रमणद्वाराचा सुमारे १३० अंश होतो. एकाच मिलिमीटरने एकीकडे पाच आणि दुसरीकडे सहा अंशांची वाढ कशी झाली? पिस्टन तळाजवळ येताना मंदावतो. त्यामुळे तेवढेच अंतर कापण्यास क्रँकला अधिक फिरावे लागते.

या फरकामागे एक महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे. निष्कासद्वार उघडल्यापासून संक्रमणद्वार उघडेपर्यंतच्या अवकाशात जळलेल्या वायूचा दाब उतरावा लागतो. तो उतरला नाही, तर जळका वायू उलट क्रँकच्या पेटीकडे घुसतो. आपल्या उदाहरणात हा अवकाश २३ अंशांचा आहे. मिनिटाला ६,००० फेऱ्यांना तो सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या सुमारे दोन-तृतीयांश भरतो. १०,००० फेऱ्यांना एक-तृतीयांशाच्या थोडा वरच राहतो. अधिक वेगासाठी हा अवकाश वाढावयास हवा. पण केवळ पॅकिंग घातल्याने तो अर्ध्या अंशाने घटतो. म्हणून निष्कासद्वाराची वरची कड स्वतंत्रपणे किती वर न्यावयाची, हे गणिताने ठरवावे लागते.

दुसरा परिणाम दाबाचा. वरील बोअरमध्ये एक मिलिमीटर म्हणजे जवळजवळ दोन घन सेंटिमीटर. हेडखालची पोकळी ११ घन सेंटिमीटर असेल, तर निष्कासद्वार मिटल्यावरचे दाबगुणोत्तर पॅकिंगमुळे ६·४ वरून ५·४ पर्यंत उतरते. हेडचा तळ तासून ती पोकळी पूर्ववत केली, तर ते ६·२ वर येते. शिवाय स्कर्टने उघडणाऱ्या प्रवेशद्वाराचा काळ पॅकिंगमुळे कमीच होतो, कारण द्वार वर गेले तरी स्कर्ट जागच्या जागी असतो.

याच्या उलट, माथा एक मिलिमीटर उंच असलेला पिस्टन बसविला, तर वरची दोन्ही द्वारे उशिरा उघडतात व लवकर मिटतात. कमी वेगाची ओढ वाढते. परंतु माथा आणि हेड यांतील फट अनेक एंजिनांत जेमतेम एक मिलिमीटरचीच असते, आणि मग पिस्टन थेट हेडवर आदळतो. स्कर्ट कापला, तर प्रवेशाचा काळ वाढतो. मात्र संथ वेगात मिश्रण कार्बुरेटरकडे परत फेकले जाते. तो अतिशय आखूड केला, तर पिस्टन वर गेल्यावर निष्कासद्वार खालून उघडे पडते.

द्वारांच्या वेळा सायलेन्सरच्या नळीशीही जुळाव्या लागतात. पूर्व जर्मनीतील त्शोपाऊ येथे एमझेड कंपनीचे अभियंता वाल्टर काडेन यांनी निष्कासनळीतील दाबाच्या लहरी ऑसिलोस्कोपवर पाहून नळीचा आकार ठरविला. परतणारी लहर बाहेर निसटू पाहणारे मिश्रण पुन्हा सिलिंडरात ढकलते. १९६१ साली त्यांच्या १२५ सी.सी. एंजिनाने सुमारे २५ अश्वशक्ती दिली; लिटरला २०० या प्रमाणाचा हा टप्पा होता. मात्र अशी लहर वेगाच्या थोड्याच पट्ट्यात अनुकूल असते. शर्यतीत हा पट्टा साधता येतो. बाजारातील गर्दीत तीच गाडी अडखळते.

चुकीच्या फेरफाराचा धोका केवळ पैशांचा नाही. एंजिन अतिरिक्त तापून धावत्या गाडीत पिस्टन चिकटला, तर मागचे चाक जागीच अडकते आणि चालकाच्या जिवावर बेतते. म्हणून जाणता कारागीर आधी क्रँकवर अंशांची चकती बसवून प्रत्येक द्वाराची वेळ नोंदवितो, मऊ कथलाची तार माथ्यावर ठेवून क्रँक फिरवितो आणि चेपलेल्या तारेची जाडी मोजून फट जाणतो. मग तो पातळ पॅकिंगने प्रयोग करून पाहतो, कारण पॅकिंग काढून टाकता येते. कानशीने घासलेली धातू मात्र पुन्हा जागेवर बसविता येत नाही.