दादर टीटीची ट्राम आणि खोळंब्याचं गणित

दादर टीटीमधला पहिला 'टी' ट्रामचा, हे आता मुलांना सांगावं लागतं. ३१ मार्च १९६४च्या रात्री बोरीबंदरहून सुटलेली मुंबईची शेवटची ट्राम दादरला येऊन थांबली. तिची वाट भायखळा, लालबाग, परळ अशी, म्हणजे आजचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग. ट्राम गेली, मोटारींना जागा झाली. २०११मध्ये लालबागचा उड्डाणपूलही झाला. तरी आज संध्याकाळी साडेसहाला भारतमाता सिनेमासमोर उभं राहिलं की बसची पाटी लांबून दिसते आणि दहा मिनिटं तेवढीच दिसत राहते. बसमध्ये साठ-सत्तर माणसं. तिच्यापुढच्या दोन मोटारींत मिळून तीन. जागा मात्र त्या दोन मोटारींनी जवळपास बसइतकीच अडवलेली.

हा खोळंबा वाहनांच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. ट्राम बंद झाली त्याच वर्षी अमेरिकेच्या 'ब्युरो ऑफ पब्लिक रोड्स'ने एक सूत्र छापलं. वाहतूक नियोजनात ते अजून वापरतात. वाहनांच्या संख्येला रस्त्याच्या क्षमतेने भागायचं आणि येणाऱ्या आकड्याचा चौथा घात घ्यायचा. जादा लागणारा वेळ त्या चौथ्या घाताच्या पटीत वाढतो. म्हणजे तुंबलेल्या रस्त्यावरच्या दहा वाहनांतलं एक जरी कमी झालं, तरी खोळंबा जवळजवळ एक तृतीयांशाने उतरतो. सगळ्यांनी गाडी सोडायची गरज नाही, दहातल्या एकाने सोडली तरी पुरे.

मग रस्ताच रुंद केला तर? सूत्राप्रमाणे फायदा तसाच दिसतो, पण तो टिकत नाही. रस्ता मोकळा झाल्याची बातमी पसरते आणि आजवर लोकलने जाणारे काही जण गाडी काढतात. अमेरिकी अर्थतज्ज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९६२मध्ये हे मांडलं. पुढे ब्रिटिश अभ्यासक जे. एम. थॉमसन यांनी त्याला जोड दिली. गर्दीच्या वेळी रस्त्यावरचा वेग शेवटी कुठे स्थिरावतो? जिथे घरातून निघून कामावर पोचायला गाडीला आणि रेल्वेला सारखाच वेळ लागतो, तिथे. त्यामुळे गाडीवाल्याचाही प्रवास लवकर व्हायचा असेल, तर आधी रेल्वेवाल्याचा झाला पाहिजे. मला हे या सगळ्या शास्त्रातलं सर्वांत न्याय्य वाक्य वाटतं.

ऑक्टोबर २०२५पासून भुयारी मेट्रो ३ आरे ते कफ परेड पूर्ण धावू लागली: ३३.५ किलोमीटर, २७ स्थानकं. गिरगावकराला चर्नी रोड किंवा ग्रँट रोड गाठल्याशिवाय गाडी नव्हती. आता गिरगावातच स्थानक आहे. पण मेट्रोचं दादर स्थानक पश्चिमेला, गोखले रोडच्या बाजूला. टीटीवरून तिथे जायचं तर रेल्वे ओलांडायची, फेरीवाल्यांतून वाट काढायची, आणि हातात पिशव्या असतील तर वाटेत एकदा थांबायचं. मेट्रोच्या आत वाचलेली मिनिटं इथे खर्च होतात. 'घरापासून कामापर्यंत' या हिशेबात हे चालणंही धरावं लागतं. एमएमआरडीएच्या २००८च्या सर्वंकष परिवहन अभ्यासात महानगरातल्या निम्म्याच्या आसपास फेऱ्या पायीच होत असल्याचं दिसलं होतं.

परळला या चालण्याकडे झालेल्या दुर्लक्षाची किंमत माणसांच्या जिवाने मोजली गेली आहे. परळ आणि तेव्हाचं एल्फिन्स्टन रोड ही दोन स्थानकं दोन रेल्वेमार्गांवरची, एकमेकांना खेटून. गाड्या भरपूर, पर्याय भरपूर. २९ सप्टेंबर २०१७च्या सकाळी पाऊस आला, लोक पादचारी पुलाच्या अरुंद जिन्यावर थांबले, आणि चेंगराचेंगरीत २३ जण गेले. त्यानंतर लष्कराने काही महिन्यांत तिथे नवा पादचारी पूल उभा केला.

शेजारचा जुना एल्फिन्स्टन पूल शिवडी-वरळी जोडरस्त्यासाठी सप्टेंबर २०२५मध्ये वाहनांना बंद झाला. मोटारींना टिळक पूल आणि करी रोडचा वळसा आखून दिला गेला. प्रभादेवीहून केईएम रुग्णालयाला निघालेल्या, एका हातात फाइल आणि दुसऱ्या हाताने कठडा धरलेल्या म्हातारीची वाटही तितक्याच बारकाईने आखायला हवी. ती टॅक्सीत बसली नाही, तर आंबेडकर मार्गावरचं एक वाहन कमी होणार आहे.