धर्मादायाचे खाते

आमच्या पेढीच्या खतावणीत नफ्यातोट्याच्या खात्यांहून निराळे असे एक पान असते. जुन्या वहीत त्याच्या माथ्यावर वडिलांच्या हस्ताक्षरात ‘श्री धर्मादाय खाते’ एवढेच शब्द आहेत. बेळगावच्या रविवार पेठेत ज्यांनी धान्याचा व्यापार केला त्यांना या खात्याची ओळख नको. परंतु पुढच्या पिढीने पेठेकडे पाठ फिरविली असल्यामुळे सांगणे भाग आहे. बिलात हमाली व तोलाई यांच्या शेजारी पोत्यामागे ठराविक पैसे धर्मादाय म्हणून धरावयाचे, निराळे जमा करावयाचे व सत्कार्यी लावावयाचे, अशी ती रीत होय.

ही रक्कम कोणाची? वडील म्हणत, ती गिऱ्हाइकाची. आपण नुसते भारवाही. पुढे एका सूतगिरणीच्या प्राप्तिकराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही निर्वाळा दिला की, धर्मादाय म्हणून घेतलेला पैसा हे व्यापाऱ्याचे उत्पन्नच नव्हे. तो आरंभापासून धर्मकार्यासाठी बांधलेला असतो. मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या आम्हांस कायद्याचे बारकावे कळत नाहीत. तथापि जो पैसा आपला नव्हे त्यातून बसविलेल्या फरशीवर आपले नाव कोरू नये, एवढे कळते. आमच्याही नावाच्या दोन फरश्या या गावात आहेत, हे कबूल करून पुढे जातो.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी आमच्या गोदामात एक हमाल होता. नाव लिहीत नाही. क्विंटलाचे पोते पाठीवर घेऊन तो थप्पीच्या माथ्यापर्यंत चढे. पाठीचे दुखणे विसरण्यासाठी घेतलेली दारू हळूहळू त्याची धनीण झाली. खोली गेली, बायको मुलांना घेऊन माहेरी गेली आणि तो आमच्याच दुकानाच्या ओट्यावर निजू लागला. पर्युषणात आम्ही त्यास एक घोंगडे व पाचशे रुपये दिले. तिसऱ्या दिवशी घोंगडे नव्हते, पैसेही नव्हते, आणि तो गटाराकाठी पडलेला आढळला. आम्ही संतापलो. ओटा धुऊन घेतला व तेथे निजण्यास त्याला मज्जाव केला. त्या वर्षी पाऊस लांबला होता. हे आठवले म्हणजे आजही घास गोड लागत नाही.

महिन्याभराने त्याची बायको पेढीवर आली. मागावयास आली असेल म्हणून दिवाणजींनी गल्ला उघडला. ती म्हणाली, “सावकार, पैसं नकोत. त्येची हमाली त्येच्या हातात देऊ नका, येवढंच करा.” इतकी वर्षे आम्ही देणगी मोजून दिली; ती पुढे कोठे जाते हे मात्र पाहिले नव्हते.

याच सुमारास पुण्याच्या मुक्तांगणाची हकीकत वाचनात आली. अनिल अवचट यांचे गर्दच्या व्यसनावरील लेख वाचून पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांनी एक लाख रुपये दिले आणि १९८६ साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी ते व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. तेथे नुसती दारू तोडून थांबत नाहीत. घरच्या माणसांनाही हाताशी धरतात, रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ नावाचा गट चालवितात व माणूस घरी गेल्यावरही पाठपुरावा ठेवतात. व्यसन हा आजार मानून ते उपचार करतात. आम्ही त्याला केवळ पाप समजत होतो.

धर्मादायातून त्या हमालाचा इलाज करावा, असे आम्ही मंडळींच्या बैठकीत मांडले, तेव्हा एका वडीलधाऱ्या सभासदांनी विचारले, “मद्य हे सप्तव्यसनांतले, त्यास कसले पात्रदान?” पात्रदान नव्हे, करुणादान म्हणा. शिवाय चार दानांत औषधदान आहेच, आणि औषध काही निरोगी माणसाला देत नाहीत. (हे उत्तर बैठकीत सुचले नाही, घरी परतताना सुचले, पण छापावयास हरकत नाही.)

अखेर इलाजाचे पैसे थेट उपचार केंद्रास दिले, खोलीचे भाडे थेट घरमालकास व आठवड्याचा जोंधळा आणि तूरडाळ त्याच्या बायकोस. चार महिन्यांनी जत्रेत तो पुन्हा प्याला. दुसऱ्यांदा पाठविला. या वेळी खोली जाऊ दिली नाही, कारण रस्त्यावर परतलेला माणूस दारूकडेच परततो, असा आमचा अनुभव आहे. केंद्र सरकारच्या २०१३ च्या शहरी उपजीविका योजनेत लाख वस्तीमागे शंभर जणांचा एक निवारा, असा दंडक होता. निवाऱ्यात रात्र निघते. पण संसार मांडावयास खोलीच लागते.

अशी किती माणसे सांभाळणार, हा प्रश्न व्यापाऱ्याला शोभणारा आहे. कुंभोजला जैन घराण्यात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था काढली, मुष्टिफंडाने घरटी मूठभर धान्य जमवून गरिबांची मुले शिकविली. लक्ष्मीबाईंनी वसतिगृहाच्या जेवणासाठी मंगळसूत्रही मोडले. मुठीचा हिशेब आम्हांस येतो. पन्नास ग्रॅमची मूठ धरली तर शंभर घरांची वर्षाला सव्वाअठरा क्विंटल भरते. आमची सूचना एवढीच की, मंडळाने दरसाल धर्मादायाचा जमाखर्च छापावा. देणाऱ्यांची नावे गाळावीत, रक्कम कोठे गेली ते लिहावे.

तो हमाल आता पोती उचलीत नाही. गोदामाच्या दाराशी बसून आवकजावक मोजतो, आणि मोजणीत दिवाणजींपेक्षा पक्का आहे. पगार दर शनिवारी अजूनही त्याच्या बायकोच्या हाती जातो. आता तो आपल्या हाती मिळावा, असे त्याचे म्हणणे आहे. बायको काही बोलत नाही. आमचाही निर्णय अद्याप झालेला नाही.